तीस एप्रिलपर्यंतची पाहुणी

अलेक्झांड्रिया, २४ मार्च १९९७

आदरणीय राविया वहिनींस,

सलाम. माझ्या थोरल्या भावाला, मेतवल्लीला, अल्लाह जन्नत देवो आणि तुम्हाला धीर देवो. तो जाऊन बारा दिवस झाले, तरी आमच्या जिन्यावर माणसांची रीघ अजून थांबलेली नाही. ट्रामच्या नोकरीतले त्याचे सगळे जुने सोबती येऊन गेले. मी गल्लीत मांडव घातला, कुराणपठणाला दमनहूरहून माणूस आणला, कॉफी कमी पडू दिली नाही. बयूमीने भावाचं नाव राखलं असं लोक म्हणाले. तुम्ही धीर धरा.

मी फोन करत नाही म्हणून राग मानू नका. मशिदीतल्या शेखसाहेबांना विचारलं. इद्दतीत बसलेल्या बाईने परक्या पुरुषाचा आवाजसुद्धा ऐकू नये, आणि दीर झाला तरी परकाच, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र, मस्कतला निघालेल्या एका ओळखीच्या मिस्त्रीबरोबर पाठवतोय.

दफन तिथेच करा असं मी त्या दिवशी फोनवर तुमच्या जावयाला, अश्रफला सांगितलं, ते योग्यच झालं. इथवर आणायचं म्हणजे किती सह्या, किती शिक्के. त्यात मयताचे हाल.

तुमचा व्हिसा सहलीचा आहे आणि त्याची मुदत थोडी आहे, असं अश्रफ म्हणत होता. त्याची चिंता करू नका. नवऱ्याच्या मरणाची बातमी ज्या घरात आली, तिथेच बाईने चार महिने दहा दिवस बसायचं असतं. म्हणजे चांद्र महिन्यांच्या हिशेबाने जुलैच्या अठरा तारखेपर्यंत तुम्ही उंबरा ओलांडायचा नाही. धीर धरा. घराची चावी माझ्यापाशी आहे, आमची सनीया वर जाऊन झाडलोट करते. इथली फिकीर अजिबात नको.

तुमचा दीर,
बयूमी

*

मस्कत, ५ एप्रिल

बयूमी,

पत्र मिळालं. मांडव घातलास, कॉफी पाजलीस, बरं केलंस.

तू म्हणतोस उंबरा ओलांडू नका. मी ओलांडला. परवा पासपोर्टच्या कार्यालयात जाऊन आले. अश्रफ एकटा गेला होता तर त्याला परत पाठवलं, बाईला स्वतः आणा म्हणाले. काळे कपडे घालून, लेकीचा, गिहानचा दंड धरून, दोन तास रांगेत उभी होते. आधी झालंय काय ते नीट वाच, मग मला धीर शिकव.

आम्ही दोघं एक मार्चला आलो. लेकीने नवं घर घेतलं ते बघायला, महिनाभर राहायला. सहलीचा व्हिसा, एकतीस मार्चपर्यंत. बारा तारखेला तुझा भाऊ गेला. अश्रफने धावपळ करून माझी मुदत एकदा वाढवून आणली, तीस एप्रिलपर्यंत. परवा मी गेले ती जुलैपर्यंत द्या म्हणून सांगायला. खिडकीतल्या माणसाने माझा अर्ज वर-खाली केला आणि विचारलं, "येण्याचा हेतू पर्यटन लिहिलाय. अजून किती फिरायचं राहिलंय, आजी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "नवरा मेलाय माझा इथे. इद्दतीत आहे मी."

"अल्लाह धीर देवो," तो म्हणाला. सगळ्यांकडे हा एकच शब्द आहे वाटतं. मग तो समोरच्या यंत्रात बघून म्हणतो, "पण तुमच्या यजमानांची देशाबाहेर पडल्याची नोंद दिसत नाही. त्यांची मुदत एकतीसलाच संपली. दर दिवसाला दंड चढतोय."

मी म्हटलं, "ते बाहेर पडणार नाहीत. ते तुमच्या मातीत आहेत. उकरून काढता का नोंदीसाठी?"

गिहानने माझं तोंड दाबलं. आता अश्रफ मृत्यूच्या दाखल्यावर शिक्के मारून घेत तीन खात्यांत फिरतोय, म्हणजे मेलेल्या माणसाचा दंड थांबेल. माझ्या बाबतीत त्यांचं उत्तर एकच आहे, मुदत एकदा वाढली, आता दुसऱ्यांदा नाही. तीस एप्रिलनंतर मी इथे राहिले तर ते अश्रफवर येईल. ही बाई वेळेत परत जाईल असं त्याने लिहून दिलंय, आणि त्याचा स्वतःचा राहण्याचा परवाना मे महिन्यात नव्याने व्हायचाय. पोराची नोकरी जायची.

म्हणून मी घरी येते. माझी इद्दत माझ्या घरात बसेन. सनीयाला सांग, खिडक्या उघडून ठेव, पाण्याची टाकी धुऊन घे. बकरी ईदमुळे विमानं भरलेली आहेत, जागा मिळाली की कळवते. कैरोला कुणाला तरी घ्यायला पाठव. माझे गुडघे तुला माहीत आहेत.

राविया

*

अलेक्झांड्रिया, १४ एप्रिल

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र वाचून मला घाम फुटला. तुम्ही कार्यालयात गेलात? चाळीसावासुद्धा झालेला नसताना? पुरुषांच्या रांगेत उभ्या राहिलात, त्या माणसाशी भांडलात? हे इथे कुणाला कळलं तर मी तोंड कुठे लपवू? मेतवल्लीच्या आत्म्याला काय वाटलं असेल याचा तरी विचार करायचा होता.

मी शेखसाहेबांकडे पुन्हा गेलो. तुमची अब्रू राहावी म्हणून तुमचं नाव घेतलं नाही, एका बाईची गोष्ट म्हणून सांगितली. इद्दतीत प्रवास म्हणजे मोठं पाप, असं ते म्हणाले. विमानात शेजारी कोण बसेल याचा नेम आहे का? म्हणून मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, येऊ नका.

मुदत संपते तर संपू द्या. विधवा बाईला कोणी तुरुंगात घालत नाही. सरकार झालं तरी त्यालाही आई असते. दंड लावतील, मग माफ करतील, असं नेहमी होतं. अश्रफ जावई आहे, सासूसाठी एवढं त्याने सोसायला नको? नोकऱ्या दहा मिळतात.

शिवाय इथे तुम्हाला राहता येण्यासारखं नाही. तुमच्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटलाय. भिंती ओल्याचिंब झाल्यात, म्हणून सामान हलवावं लागलं. तुम्हाला त्रास नको म्हणून आधी लिहिलं नव्हतं. आणि खरं सांगू का वहिनी, इथे येऊन तुम्ही एकट्या करणार तरी काय? दुसऱ्या मजल्याचा जिना, तुमचे गुडघे. लेक आहे, जावई आहे, त्यांच्यापाशी राहा. बाईमाणसाला आता अजून काय हवं?

तुमच्या भल्यासाठी सांगणारा,
बयूमी

*

अलेक्झांड्रिया, १५ एप्रिल

राविया ताई,

सलाम. यांचं पत्र घेऊन जाणाऱ्या माणसाकडेच माझंही देतेय. यांना सांगितलेलं नाही, कारण हे म्हणाले की तुम्हाला आता कुणी त्रास देऊ नका. पण मला राहवेना. ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू?

तुम्ही गिहानपाशीच कायमचं राहायचं ठरवलंत आणि तुमचा मजला आमच्या सामेहला दिलात, हे यांनी सांगितलं तेव्हा मी ओट्यापाशी बसून रडले. तुम्हाला ठाऊकच आहे, पोराचा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली. मुलीचा बाप दर ईदला दारात उभा राहून विचारायचा, घर कुठे आहे, घर दाखवा. घराशिवाय मुलगी कोण देतो? गेल्या ईदला तर त्याने अंगठी परत मागितली होती. सामेहने तेव्हापासून जेवण सोडल्यासारखं केलं होतं. तो आता हसतो, ताई. वरच्या मजल्यावर रंग देताना गाणं म्हणत होता.

रंग पिस्त्याचा दिलाय, मुलीच्या पसंतीचा. पाइपही नवे घातले, जुने चांगले होते, पण हे म्हणाले आता एकदाच होऊन जाऊ दे. मुलीची आई काल पडद्यांची मापं घेऊन गेली. तुमची भांडी मी जपून मागच्या खोलीत ठेवलीत. एकच विचारायचं होतं. मेतवल्ली भाऊंचे कपडे मी गरिबांत वाटू का? त्यांचा तपकिरी कोट अजून चांगला आहे. आणि त्यांचा पलंग जिन्यातून उतरेना, म्हणून सुताराकडून पाय कापून घेतले. रागावू नका.

लग्न ऑगस्टमध्ये धरलंय. तुमची इद्दत तोवर झालेली असेल, तेव्हा मात्र आलंच पाहिजे. आमच्याकडे उतरा.

तुमची धाकटी,
सनीया

*

मस्कत, २१ एप्रिल

सनीया,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला कळेना की हे कुणाचं घर आहे. दुसऱ्यांदा कळलं.

मी कुणाला काही दिलेलं नाही. मला कुणी काही विचारलेलंही नाही. तुझ्या नवऱ्याने तुला खोटं सांगितलं आणि मला पाइप फुटल्याचं सांगितलं. भिंती ओल्या होत्या त्या तुमच्या रंगाने! इथे माझ्या नवऱ्याच्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही, आणि तिथे त्याच्या पलंगाचे पाय करवतीने कापले. सनीया, एकोणचाळीस वर्षं मी त्या पलंगावर झोपले. पाय कापताना आवाज झाला असेल ना? तुला काहीच वाटलं नाही?

नाही, तुझ्यावर ओरडून उपयोग नाही. तुला जे सांगितलं त्यावर तू विश्वास ठेवलास. मी पण ठेवत होते. त्याची दोन्ही पत्रं मी गिहानला वाचून दाखवली, म्हटलं बघ, काका किती देवाधर्माचा झालाय. शेखसाहेब काय, परका पुरुष काय, पाप काय! अगं, मी नवरी म्हणून त्या घरात आले तेव्हा तुझा नवरा अकरा वर्षांचा होता, नाक पुसायचं भान नव्हतं. मी त्याला शेजारी बसवून अक्षरं गिरवायला शिकवली. त्या अक्षरांनी तो मला लिहितो की जावयाची नोकरी गेली तरी चालेल, तुम्ही येऊ नका. पहिल्या पत्रात धीर हा शब्द भरून ठेवलाय. सत्तावीस वर्षं मी शाळेत पोरांच्या वह्या तपासल्यात, नक्कल करणारा पोरगा एकच शब्द पुन्हा पुन्हा का लिहितो ते मला कळतं.

गिहानला मी इथल्या मशिदीच्या इमामांकडे पाठवलं. एका बाईची गोष्ट म्हणून नाही, माझं नाव घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, नवऱ्याचं घर तेच विधवेचं इद्दतीचं घर. ही परक्या देशात अडकली आहे, मुदत संपते आहे, तिला तिच्या घरी पोचवा, आणि चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत त्या घरातून तिला कुणी हलवायचं नाही. मी त्यांना म्हटलं असतं की दोन्ही हात चुंबते, पण परका पुरुष आहे ना!

ईदच्या सुट्टीत सगळी कार्यालयं बंद होती. अश्रफ विमानाच्या कचेरीबाहेर चार दिवस बसला. तीस तारखेच्या सकाळची एकच जागा मिळाली. त्याआधीची नाही आणि त्यानंतरची मला चालत नाही. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी निघते. अश्रफ म्हणत होता, आई, राहा, होईल ते होईल. चांगला मुलगा आहे. म्हणून तर त्याच्या मानेवर मी बसणार नाही.

तीसला संध्याकाळी पोचेन. कैरोहून आगगाडीने येईन, कुणी यायला नको. तुझ्या नवऱ्याला सांगायचं असेल तर सांग, नाही तर नको सांगू. मला आता त्याच्या कानाची पर्वा नाही. कपडे वाटू नकोस. तपकिरी कोटाला हात लावू नकोस. तुझ्याकडे दुसरी चावी असेल तर दार उघडून ठेव. एवढं एक माझ्यासाठी कर.

राविया

*

(पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

१ मे

वहिनी,

हे काय चालवलंय? भल्या सकाळी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललंत. सामेह रंगाचे डबे न्यायला वर आला तर त्याला दारातून हाकललंत. मी तीनदा दार वाजवलं, एका शब्दाने उत्तर नाही. गल्लीतले लोक माना वर करून बघताहेत. मुलीच्या वडिलांचा फोन आला होता, मी काय सांगू त्यांना?

मी वाईट हेतूने काही केलं नाही. माझाही त्या घरात वाटा आहे, शरियतने दिलेला आहे. तुम्हाला मुलगा नाही, भावाचा हक्क भावाला पोचतो. विचारणारच होतो, इद्दत संपल्यावर. दार उघडा. बसून बोलू. घरातली गोष्ट घरात राहू दे.

बयूमी

*

(दुसऱ्या मजल्याच्या गच्चीतून, भाजीच्या टोपलीत घालून दोरीने खाली सोडलेलं पत्र)

२ मे १९९७

बयूमी,

दार उघडणार नाही. तू परका पुरुष आहेस आणि मी इद्दतीत आहे. तुझ्याच शेखसाहेबांना विचार. म्हणून टोपली सोडतेय. उत्तर असलं तर तीतच टाक, आणि सनीयाला सांग, वाटीभर घेवड्याची उसळ आणि चार भाकऱ्याही टाक. स्वयंपाकघरात तुम्ही शेगडीसुद्धा ठेवली नाही.

मस्कतच्या विमानतळावरच्या पोराने माझा पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, "आज शेवटचा दिवस, आजी. नशीबवान आहात." त्या शिक्क्यासाठी मी तुझ्या भावाला एकट्याला तिथे टाकून आले. निघायच्या आधी कबरीवर जायचं होतं तर वेळ मिळाला नाही. तू त्याला इथे आणू दिलं असतंस तर तो आज आईच्या शेजारी असता आणि मी दर शुक्रवारी जाऊ शकले असते. ते तुझं सह्या आणि शिक्क्यांचं कारण मी तेव्हा खरं मानलं. आता वाटतं, मयत आलं असतं तर मागोमाग मीही आले असते, म्हणून तुला ते नको होतं. असं नसेल तर तसं लिही. मला खोटं ठरव. मला आवडेल.

वाट्याचं मला शिकवू नकोस. तुझा वाटा आहे, मी कधी नाही म्हटलं? भाऊबंद बसतील, हिशेब होईल, जे तुझं ते तुला मिळेल. पण वाटा मागणारा माणूस समोर येऊन मागतो. बाई परमुलखात अडकलीय, तिथे तिचा व्हिसा संपू दे, जावयाची नोकरी जाऊ दे, तिला पकडून नेऊ देत, म्हणजे आपल्याला पडदे टांगता येतील, याला वाटा म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही, कारण ही टोपली सनीयाच्या हातात जाणार आहे.

जमिनीवर गादी टाकून झोपले काल. पलंगाला पाय नाहीत. पिस्त्याच्या रंगाच्या वासाने डोकं चढलंय. तपकिरी कोट मिळाला, तो उशाला घेतला.

आता एक गोष्ट सांगते. तुझी दोन पत्रं आणि एक चिठ्ठी मी समोर घेऊन बसलेय. मांडव आहे, कॉफी आहे, शेखसाहेब आहेत, पाइप आहे, मुलीचे वडील आहेत. तुझा भाऊ कसा गेला, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस. दुखलं का, कुणी जवळ होतं का, शेवटी काही बोलला का. एकही ओळ नाही. परक्या माणसांनी विचारलं मला. विमानात शेजारी जो बसला होता, ज्याची तुला एवढी भीती होती, तो सुदानी म्हातारा होता. त्यानेसुद्धा विचारलं.

तर विचारलं नाहीस तरी ऐक.

अकरा तारखेला दुपारी आम्ही गिहानच्या गच्चीत बसलो होतो. मासे खाऊन त्याचं पोट भरलं होतं, खुशीत होता. म्हणाला, "राविया, सामेहचं लग्न आपल्या मजल्यापायी अडलंय. बयूमी मागणार नाही, त्याला लाज वाटते. आपण दोघं म्हातारी माणसं, एवढ्या खोल्या काय करायच्या? तळमजल्याची खोली साफ करून घेऊ, तुझ्या गुडघ्यांनाही जिना नको. वरचं घर पोराला देऊन टाकू." मी म्हटलं, मग आजच फोन करून सांगा. तर म्हणाला, "फोनवर नाही. परत गेलो की मीच सांगीन, समोर बसवून. बयूमीचा चेहरा बघायचाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला उठला आणि तिथेच बसला. माझा हात धरला होता त्याने. फार दुखलं नाही. एवढंच.

हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिणार होते. म्हटलं, तो विचारेल, मग सांगू, त्याला बरं वाटेल. मी तुझ्या दोन्ही पत्रांत वाट बघितली, बयूमी.

जुलैच्या अठरा तारखेपर्यंत हे दार बंद आहे. मुलीच्या वडिलांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. एकोणीसला सकाळी सामेहला वर पाठव. एकट्याला. त्याच्याशी जे बोलायचं ते मी बोलेन. तू येऊ नकोस.

राविया